अपग्रेडनंतर पीसी तापतोय, मधेच बंद पडतोय? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या घरांसाठी तपासणीचा क्रम

नवा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड घालून पीसी घरी आणला की पहिल्या आठ-पंधरा दिवसांत दोनच तक्रारी येतात. एक, पीसी तापतो. दुसरी, पीसी मधेच बंद पडतो, आपोआप रीस्टार्ट होतो किंवा निळा स्क्रीन दाखवतो. लोक दुसऱ्या तक्रारीचे खापर सरळ पहिलीवर फोडतात आणि पंखे विकत घेत सुटतात. माझा अनुभव असा की मधेच बंद पडणाऱ्या बऱ्याच पीसींना तापमानाशी काही देणेघेणे नसते. कारण रॅममध्ये, एसएमपीएसमध्ये (पीसीच्या भागांना वीज देणाऱ्या डब्यात), नाहीतर घरच्या अर्थिंगमध्ये निघते. उलट चांगले तापणारे पीसी वर्षानुवर्षे एकदाही न अडखळता चालतात. तेव्हा दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या तपासायच्या, आणि कारण सापडेपर्यंत खिशात हात घालायचा नाही.

मी घरी लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. माझ्या जुन्या बी४५० मदरबोर्डावरचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर काढून रायझन ७ ५८००एक्स घातला, जोडीला आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतले. खाली आकडे देताना याच पीसीचे उदाहरण घेतो. तुमचे सामान वेगळे असले तरी क्रम तोच ठेवा.

१. आधी सामान आणि कागद गोळा करा

हत्यारे फार लागत नाहीत:

- चांगल्या टोकाचा स्टार स्क्रू ड्रायव्हर
- रंगाचा मऊ, कोरा ब्रश आणि हँड ब्लोअर
- थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे कापड
- ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह
- साधा मल्टिमीटर (शेजारच्या वायरमनकडचा चालेल)
- खोलीचे तापमान दाखवणारे भिंतीवरचे घड्याळ किंवा थर्मामीटर
- वही. हो, वहीच. तपासताना पीसी बंद पडणार आहे, त्यात नोंदी ठेवून काय करणार?

सॉफ्टवेअरमध्ये एचडब्ल्यूइन्फो (तापमानाचे आकडे दाखवणारे), सिनेबेंच (प्रोसेसरला ताण देणारे), ओसीसीटी (पूर्ण पीसीला ताण देणारे) आणि मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारे) पुरेसे आहेत. चारही घरगुती वापरासाठी फुकट मिळतात. त्या-त्या कंपनीच्या साइटवरूनच उतरवा. दुकानातल्या पोऱ्याने दिलेल्या पेनड्राइव्हवरून नको.

कागदांत प्रत्येक भागाचे जीएसटी बिल, खोके, आणि भागावरच्या सीरियल नंबरचा फोटो. हा फोटो भाग बसवायच्या आधीच काढायचा असतो, कारण प्रोसेसरवरचा नंबर नंतर त्याला थंड ठेवणाऱ्या कूलरखाली जातो. बॉक्स प्रोसेसरचा नंबर खोक्यावरही असतो, म्हणून खोके रद्दीत जाऊ देऊ नका.

२. खोलीचे तापमान आधी, पीसीचे नंतर

नुसता पीसीचा आकडा बघून काही कळत नाही. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तेवढ्याच कामाला तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहतो. टिळकवाडीत जुलैच्या पावसात खोली २४ अंशांवर असताना एखादा पीसी ७२ दाखवेल. तोच पीसी मे महिन्यात अथणीला मेव्हण्याच्या घरी ३८ अंशांच्या खोलीत ठेवला तर ८६ दाखवेल. दोन्हीकडे फरक ४८ चाच आहे, पीसीत काही बिघडलेले नाही. म्हणून वहीत तीन रकाने पाडा: खोली, प्रोसेसर, दोघांतला फरक. पुढे जो बदल कराल त्याचा उपयोग झाला की नाही, हे तिसऱ्या रकान्यात दिसेल.

मोजायची पद्धत अशी. पीसी सुरू करून पंधरा मिनिटे काही न करता ठेवा, आकडा लिहा. मग सिनेबेंचची सगळ्या कोअरची चाचणी वीस मिनिटे चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमधला सर्वांत वरचा आकडा लिहा. ग्राफिक्स कार्डासाठी तुमचा नेहमीचा गेम किंवा रेंडर चालवा.

आता मर्यादा. रायझन ७ ५८००एक्सची ९० अंश, रायझन ५ ५६००एक्सची ९५. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची १०० अंश. आरटीएक्स ३०६०ची ९३. रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण ताणाखाली ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, त्यामुळे तो आकडा बघून घाबरू नका. मर्यादेच्या आसपास पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तेव्हा तापल्याचे पहिले लक्षण मंदावणे हे असते. थेट बंद पडण्यापर्यंत मजल जायला कूलर जवळजवळ निकामी असावा लागतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना सतावते. ५८००एक्ससारखे प्रोसेसर ब्राउझर उघडला तरी ४० वरून ६० ला उडी मारतात आणि लगेच खाली येतात. ते असेच असतात. त्यामुळे पंखा सारखा घूं-घूं करत असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग सांभाळणाऱ्या, विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या प्रोग्राममध्ये) पंख्याचा प्रतिसाद काही सेकंद उशिरा करा, आवाज थांबेल.

३. तक्रार नेमकी कुठली ते ठरवा

आमच्याकडे दुकानात गिऱ्हाईक येऊन म्हणते, "पीसी बंद होऊलालाय." एवढ्यावर दुकानदार तरी काय सांगणार? बंद कसा पडतो ते बघा.

- वेग घटतो, गेम अडखळतो, पण पीसी चालू राहतो: तापमान. प्रोसेसर थंड असूनही वेग पार ढासळत असेल तर बोर्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे व्हीआरएम, तापत असतो. स्वस्त बोर्डांवर त्याला हीटसिंकच, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळाच, नसतो.
- ताण पडताच खट्कन सगळे बंद, जणू कुणी पिन उपटली: एसएमपीएस, यूपीएस किंवा घरची वीज.
- निळा स्क्रीन, दर वेळी वेगळ्या नावाची चूक: बहुधा रॅम.
- स्क्रीन काळा, पंखे मोठ्याने फिरतात, आवाज ऐकू येत राहतो: ग्राफिक्स कार्ड, त्याची केबल किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर).
- काम नसताना, नुसता पडून असताना रीस्टार्ट: कमी केलेले व्होल्टेज, रॅमच्या सेटिंग किंवा जुना बायोस.

यानंतर विंडोजची नोंदवही उघडा. विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबा, इव्हेंट व्ह्यूअर, मग विंडोज लॉग्स, मग सिस्टीम. बंद पडलेल्या वेळेच्या आसपासच्या लाल नोंदी बघा. इथे एक हमखास फसगत होते. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसते, त्यात पॉवर शब्द आहे म्हणून लोक नवा एसएमपीएस घेऊन येतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. कारण ती सांगत नाही. नोंद उलगडून तपशिलात बगचेक कोड बघा. तो शून्य असेल तर विंडोजला निळा स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा पीसी जागच्या जागी गोठला. आकडा असेल तर त्या आकड्याचा माग काढा. 'व्हीआ-लॉगर (WHEA-Logger) १८' दिसले तर हार्डवेअरमधली गंभीर चूक खुद्द प्रोसेसरनेच कळवली आहे. १९ असेल तर चूक झाली पण सावरली गेली; अशा नोंदींची रांग लागली असेल तर तीही दुखण्याची खूण.

निळा स्क्रीन वाचायच्या आत पीसी रीस्टार्ट होत असेल, तर सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन आपोआप रीस्टार्टची खूण काढून टाका.

४. झाकण उघडा

स्विच बंद, पिन बाहेर, मग पीसीचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मग आत हात घाला. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते.

झाकण उघडले आहेच तर ते तसेच ठेवून, जपून, वीस मिनिटांची चाचणी एकदा करा. बंद झाकणापेक्षा पाच-दहा अंशांनी उतरले तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. काहीच फरक पडला नाही तर दोष कूलर किंवा पेस्टचा. या एका चाचणीने निम्मे काम होते, आणि खर्च शून्य.

हवेची दिशा बघा. पंख्याच्या ज्या बाजूला प्लॅस्टिकचे आडवे हात आणि मोटर धरलेली असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे हवा आत ओढणारे, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारा. पुढून बंद काच आणि आत तीन रंगीबेरंगी पंखे अशी कॅबिनेटे दिसायला झकास असतात, पण त्या पंख्यांना हवा मिळायची कुठून? जाळीच्या तोंडाचे साधे कॅबिनेट कधीही बरे. आणि ते जुने कॉम्प्युटर टेबल, ज्यात सीपीयूसाठी दार असलेला कप्पा असतो! त्यात आजचे ग्राफिक्स कार्ड ठेवणे म्हणजे पीसीने स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढणे. कप्प्याचे दार आणि मागची फळी काढून टाका, किंवा पीसी टेबलावर घ्या.

धुळीबद्दल आपल्या भागापुरते थोडे सविस्तर सांगतो, कारण प्रत्येक गावची धूळ निराळी. खानापूर-जांबोटीकडची लाल माती बारीक असते आणि पावसाळ्यात दमट हवेने कूलरच्या पत्र्यांमध्ये थापून बसते. नुसत्या ब्लोअरने जात नाही, ब्रश लागतो. वडगाव-शहापुरात मागाच्या घरी सुताची लव कूलरच्या पत्र्यांवर गोधडीसारखी पसरते. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पंखा काढला की खाली हा थर. उद्यमबागच्या बाजूला फाउंड्रीची काळी भुकटी, निपाणीत वखारीजवळ तंबाखूची. साखर कारखान्यांच्या आसपासच्या गावांत गळीत हंगामात चिमणीची काजळी अंगणात पडते, ती पीसीतही जाते. आणि कुठल्याही गावात देवघर किंवा स्वयंपाकघर शेजारी असेल तर उदबत्तीच्या धुराचा आणि फोडणीचा तेलकट थर. त्यावर बसलेली धूळ अल्कोहोलच्या बोळ्यानेच निघते.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा ब्लोअरच्या हवेने वाजवीपेक्षा जास्त फिरतो, बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्युम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते. एसएमपीएसच्या खालची जाळीही काढून धुवा. ती कुणाच्याच लक्षात नसते. आत पाल किंवा मुंग्यांचे वारूळ निघाले तर दचकू नका. पावसाळ्यात उबेसाठी येतात. मागच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यांच्या फटी बंद करा.

५. कूलर आणि पेस्ट

पहिले बघायचे ते कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लॅस्टिक. नव्या कूलरच्या तळाला ते चिकटवलेले असते, काढायचे राहून जाते आणि प्रोसेसर सुरू होताच नव्वदी गाठतो. एम.२ एसएसडीच्या हीटसिंकखालच्या पट्टीवरही असेच प्लॅस्टिक असते.

दुसरे, कूलर प्रोसेसरच्या लायकीचा आहे का? एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्या (माझ्या बी४५०सारख्या) बोर्डावर खोक्यावर ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढतो, आणि १०५ वॅटचा १४२ पर्यंत. माझ्या ३६०० सोबत आलेला छोटा कूलर ६५ वॅटसाठी होता. ५८००एक्सच्या खोक्यात कूलर येतच नाही, म्हणून दुकानात तोच जुना बसवून दिला गेला. पहिल्याच रेंडरला ९० अंश आणि तिथेच चिकटून. चार हीटपाइपचा साधा टॉवर कूलर घातल्यावर प्रश्न मिटला. अशा प्रोसेसरसाठी पाण्याचा कूलर लागतोच असे नाही. आणि त्याचा पंप पाच-सहा वर्षांत कधीतरी दगा देतो, ही काळजी वेगळी.

कूलर काढताना एएम४ वाल्यांनी सांभाळा. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. आधी पीसी दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. सरळ वर ओढू नका. इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला चार ढकलपिना असतात. त्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा 'टक्' आवाज यायला हवा. एक पिन अर्धवट राहिली तरी दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो. बोर्डाच्या मागून चारही टोके बाहेर आली का ते बघून खात्री करा.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पूर्ण पुसा. नवी मधोमध वाटाण्याएवढी. कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते.

६. वीज: एसएमपीएस, यूपीएस, अर्थिंग

इथे घाई करू नका. आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी याच पायरीत सुटतात.

आधी बेरीज करा. ५८००एक्सचे १४२ वॅट, आरटीएक्स ३०६०चे १७०, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ६०-८०. झाले पावणेचारशे ते चारशे. शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी ठरलेल्या वॅटपेक्षा कितीतरी जास्त ओढते. सरासरी मोजणाऱ्या मीटरवर ते दिसत नाही, पण एसएमपीएसला कळते आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणूनच आरटीएक्स ३०६०साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे.

आता एसएमपीएसच्या बाजूचे लेबल वाचा. मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेले असते, पण प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या लाइनसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघून १२ ने गुणा. २५ अँपिअर असतील तर तुमच्या हातात ३०० वॅट आहेत, ४५० नव्हेत. कॅबिनेटसोबत 'फ्री' आलेल्या एसएमपीएसची गोष्ट बहुधा इथेच संपते. '८० प्लस' हा शिक्का वीज किती वाया जाते याचा आहे, मजबुतीचा नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

केबल: कार्डाला दोन जोड असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा, एकाच केबलच्या दोन शेपट्या लावू नका. आणि सुट्या केबलींचा एसएमपीएस बदलताना जुन्या केबली नव्याला कधीच लावायच्या नाहीत. एसएमपीएसच्या बाजूची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते, पिन बसते पण वायरी उलट्यापालट्या होतात आणि डिस्क-बोर्ड जळतात.

ओसीसीटीमध्ये ताण देऊन १२ व्होल्टचा आकडा बघा. ११.४ ते १२.६ ही मान्य हद्द आहे. बोर्डाचा सेन्सर थोडा इकडे-तिकडे दाखवतो, पण ताण पडताच आकडा धाडकन उतरत असेल तर संशय घ्यायला जागा आहे.

मग यूपीएस. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, आणि तो साधारण ३६० वॅटच पेलतो. जुना पीसी त्यावर सुखाने चालत होता. नवा ग्राफिक्स कार्डवाला गेममध्ये असताना लाईट गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन त्याच क्षणी हात टेकतो. लोक म्हणतात, अपग्रेड केल्यापासून पीसी बंद पडतो. खरी तपासणी सोपी आहे: एक दिवस यूपीएस वगळून पिन थेट भिंतीत लावा आणि लाईट असताना ताण द्या. बंद पडला नाही तर दोष यूपीएसचा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचे बटण 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर बदली व्हायला वेळ लागतो आणि एसएमपीएस जेमतेम १५-२० मिलिसेकंद कळ काढू शकतो.

चिकोडी-अथणी-रायबागकडे ज्या वेळी पंपांचा थ्री-फेज सुरू असतो, तेव्हा शेताजवळच्या घरांत व्होल्टेज उतरते. लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस हे सोसतो. २००-२४० लिहिलेला सोसत नाही. पीसी ठरावीक वेळेलाच बंद पडत असेल तर वहीत वेळ लिहा आणि त्याच वेळी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा.

शेवटी अर्थिंग. कॅबिनेटला उघड्या पायांनी हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले तर अर्थिंग नाही, हे नक्की समजा. जुन्या वाड्यांत थ्री-पिनचे वरचे भोक असते पण मागे वायरच नसते. वायरमनकडून मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. स्वतः सवय नसेल तर बोर्डात मीटरच्या पिना घालू नका. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतल्यावर आकडे सुधारले तर खड्डाच नव्याने करावा लागेल. आणि थ्री-पिनची जाड पिन कापून टू-पिनच्या बोर्डात लावलेली असेल, तर बाकी काही तपासण्याआधी ती बदला.

७. रॅम

जुन्या ८ जीबीच्या जोडीला दुसऱ्या कंपनीची ८ जीबी घातली असेल तर संशयित हीच. दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बोर्डाचे पुस्तक बघा.

बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू असेल तर तात्पुरते बंद करा. रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलेले असते, पण तो वेग ओव्हरक्लॉकचाच, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचाच, एक प्रकार आहे; रायझन ५००० मालिकेची अधिकृत हमी ३२०० पर्यंतची, आणि चारही खाचा भरल्यावर त्याहून कमी. एक्सएमपी बंद केल्यावर पीसी सुधारला तर ३२०० वर चालवा. रोजच्या कामात फरक कळणार नाही.

मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घालून रात्रभर सोडा, चार फेऱ्या होऊ द्या. एकही चूक चालत नाही. 'दोनच आल्या' असे समाधान करून घेऊ नका. चूक आली तर एकेक पट्टी वेगळी तपासा. पावसाळ्यात कणकुंबी-खानापूर भागात पट्टीच्या सोनेरी कडांवर ओल धरून काळपट थर येतो. दुकानात खोडरबर घासतात. मी अल्कोहोलच्या कापडाने पुसतो, कारण रबराचा चुरा खाचेत जातो.

८. बायोस आणि ड्रायव्हर

जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर म्हणजे बायोस नवा हवाच. मात्र बायोस घालताना लाईट गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. त्यामुळे चालणाऱ्या यूपीएसवर, वादळी पावसाचे वारे नसताना, आणि पेपरात दुरुस्तीसाठी वीज बंदची सूचना नाही ते बघून हे काम करा. त्याआधी दोन गोष्टी: बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर तो थांबवा आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर बायोस बदलल्यावर विंडोज की मागते आणि फोटो-व्हिडिओ आत अडकतात. बोर्डही बदलणार असाल तर विंडोजचा परवाना आधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा.

इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचा आय५-१३६००के, आय७ किंवा आय९ घेतला असेल तर ही पायरी टाळूच नका. त्यातल्या अनेक प्रोसेसरांना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०x१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०x१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, तो बोर्डाच्या नव्या बायोसमधून येतो. शिवाय या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. आधीच इजा झालेला प्रोसेसर मात्र बायोसने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. जुना म्हणून स्वस्तात मिळणारा अशा पिढीचा प्रोसेसर बिलाशिवाय घेऊ नका.

ग्राफिक्स कार्ड एका कंपनीचे काढून दुसरीचे घातले असेल तर 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हा प्रोग्राम विंडोजच्या सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, मग नवा घाला.

९. तरीही तापतो? वॅट कमी करा

कौलारू घर, वर पत्रा, मे महिना. एवढ्यावर कूलरने किती करायचे? अशा वेळी पीसीलाच थोडे कमी खायला लावणे शहाणपणाचे. ५८००एक्स बायोसमधल्या इको मोडवर टाकला की तो १४२ ऐवजी ८८ वॅटवर चालतो. रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो, गेममध्ये फारसा फरक कळत नाही, आणि तापमान चांगलेच उतरते. ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच कमी होतात.

व्होल्टेज हाताने कमी करण्याच्या फंदात नवख्यांनी पहिल्या महिन्यात पडू नये. त्याने पीसी ताणाखाली छान चालतो आणि रिकामा असताना रीस्टार्ट होतो. मग तुम्ही पुन्हा तिसऱ्या पायरीवर.

जुने कार्ड घेतले असेल तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये कार्डाचे तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांतला फरक बघा. दहा-पंधरा अंश नेहमीचे; पंचविशीच्या पुढे गेला तर कार्डाची पेस्ट वाळली आहे. कार्ड वॉरंटीत असेल तर ते स्वतः उघडू नका.

१०. दुकानात जायची वेळ

मेमटेस्टमध्ये एकच पट्टी चुकते आहे, १२ व्होल्ट ढासळते आहे, 'व्हीआ १८' रोज येते आहे, असे काही हाती आले की मग दुकान गाठा. वहीचे पान, नोंदींचे फोटो आणि बिल सोबत न्या. "तापतोय" म्हणून दिलात तर पेस्ट बदलून परत मिळेल. नोंद दाखवलीत तर भाग बदलून मिळण्याची शक्यता बरीच वाढते. पीसी देताना आतल्या भागांचे सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या.

सीमेवरच्या लोकांसाठी एक खास मुद्दा. निपाणी-संकेश्वरकडचे बरेचजण सामान कोल्हापुरातून आणतात, कुणी पुण्याहून मागवतात. भारतात विकलेल्या भागाची कंपनीची वॉरंटी राज्याच्या हद्दीवर थांबत नाही, फक्त बिल भारतातल्या विक्रेत्याचे आणि सीरियल नंबरशी जुळणारे हवे. खोक्याशिवाय मिळणाऱ्या 'ट्रे' प्रोसेसरचे तसे नसते. त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर, म्हणून किती वर्षे ते बिलावरच लिहून घ्या. दुकानदार टोलवाटोलवी करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. दुकान कोल्हापुरात असले तरी निपाणीच्या माणसाला कोल्हापूरला खेपा घालायची गरज नाही, बेळगावात तक्रार चालते. त्यासाठी लागते ते पहिल्या पायरीतलेच: बिल, सीरियल नंबरचा फोटो, आणि दुकानदाराशी झालेला लेखी किंवा व्हॉट्सॲपवरचा पत्रव्यवहार.